हायरवाली

फुशारकी मारू नये असं घरी फार शिकवलं आम्हाला, आणि आयुष्यभर मी ते बऱ्यापैकी पाळलं. पण एका गोष्टीची फुशारकी मी मारणारच, कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे. जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात हायर मॅथ्स घेऊन मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मी आहे.

आताच्या पोरांना हे सांगितलं की ती नुसती माझ्याकडं बघत बसतात. हायर म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागते. तर तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, मॅट्रिक अकरावीला होती. नववीत गेलं की गणिताच्या दोन वाटा व्हायच्या. एक हायर, म्हणजे बीजगणित आणि भूमिती. दुसरी लोअर, म्हणजे अंकगणित. व्याज, नफा-तोटा, हौद भरणारे नळ आणि हौद रिकामा करणारे नळ. लोअर सोपं आणि मार्क भरभरून. हायर अवघड, आणि मॅट्रिकला गचके खाणारे बहुतेक त्यातच खायचे. पण कॉलेजात सायन्सला जायचं तर हायर पाहिजेच. लोअरवाल्याला आर्ट्स, फार तर कॉमर्स. आणि ही शेवटची गोष्ट आमच्या गावात कुणाला धड माहीतच नव्हती. गावाला एकच प्रश्न ठाऊक होता. निकाल लागला की पारावर, पिठाच्या गिरणीवर, विहिरीवर, जो तो विचारायचा, "टक्के किती पडले?" कोणत्या विषयात पडले हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आमच्या घरात मात्र ही गोष्ट माहीत होती, आणि चांगलीच माहीत होती. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, केदारखेड्याकडच्या एका लहान गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते. नोकरी करता करता बाहेरून मॅट्रिक झाले, ते लोअर घेऊन, कारण हायर शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं. पुढं त्यांच्या मनात ओव्हरसियरच्या कोर्सला जायचं होतं. रस्ते बांधायचे, पूल बांधायचे असं त्यांचं चाललेलं. मोठ्या उमेदीनं औरंगाबादला गेले, आणि खिडकीतल्या माणसानं मार्कमेमो परत त्यांच्याकडं सरकवला. पुढच्याच एस.टी.नं घरी आले. एखाद्यानं आपल्याला दमा आहे म्हणून सांगावं तसं दादा पुढं कायम सांगत राहिले, "आपलं लोअर आहे."

म्हणून नववीच्या पहिल्या आठवड्यात हेडमास्तर वर्गात आले तेव्हा मी तयारीनं बसले होते.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. ते निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. त्यांच्या वेळी मॅट्रिक पास एवढं म्हटलं की कचेऱ्यांचे दरवाजे उघडायचे, कोणतं गणित घेतलं होतंस असं त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. शाळेवर त्यांचा जीव होता आणि शाळेच्या निकालावर त्याहून जास्त. ऑफिसच्या भिंतीवर दर वर्षीचा निकाल रंगानं लिहून ठेवलेला. तो आकडा खाली यायला नको, म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. मुलींना हायर द्यायचंच नाही. लोअर आणि जोडीला शिवणकाम. मुलांना द्यायचं, पण त्यांनाही अकरावीच्या पूर्वपरीक्षेत कमी मार्क पडले की वडलांना बोलावून घ्यायचं आणि लोअरवर आणायचं. याला शाळेत शब्दच होता, उतरवणं. "त्याला उतरवला," "याला उतरवला." आणि आईबाप रडायचे नाहीत हो, उलट हेडमास्तरांचे पाय धरायचे, की सर, तुम्ही पोरगा वाचवला.

तर हेडमास्तर आले आणि म्हणाले, "मुलींनो, तुम्ही तिकडच्या बाकांवर बसा. तुमचं लोअर."

सगळ्या उठल्या. मी जागची हलले नाही.

"ए पोरी, ऐकू येत नाही का?"

"येतं सर. मला हायर घ्यायचंय."

वर्ग हसला. हेडमास्तर हसले नाहीत. "कशाला?"

"सायन्सला जायला."

"आणि सायन्सला जाऊन काय करशील?"

सायन्सचं कॉलेज मी बाहेरूनसुद्धा बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "ते गेल्यावर सांगते सर."

आता हसू येतं, पण तेव्हा मी चिडून बोलले होते. माझा स्वभावच तसा. नाही म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. हेडमास्तरांनी वडलांना घेऊन ये म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दादा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि संमतीची सही करून गेले. जाताना ज्यानं सही केली तो पेन माझ्या हातात दिला.

माझ्या बाकावर पहिलीपासून बसणारी माझी मैत्रीण होती. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, विहीर-बागायत, कापसाच्या गाड्या भरून जायच्या त्यांच्या घरून. आम्ही बौद्ध वस्तीतले, ती गावातली, पण बाक एकच होता आणि त्या बाकावर आमचं फार जमायचं. डोकं तिचं माझ्याहून चांगलं. हे मी तेव्हाही मान्य करायचे, आताही करते. तिलाही हायर घ्यायचं होतं. मी तिला दादांची गोष्ट सांगितली होती, तिनं तिच्या वडलांना, आबांना, सांगितली. आबा विचारायला हेडमास्तरांकडं गेले. हेडमास्तर म्हणाले, "तुमची पोरगी शाळेत पहिली येणारी आहे. कशाला त्या भानगडीत घालता? टक्के चांगले असले की कुठलंही कॉलेज पायघड्या घालतं." आबांना ते बराबर वाटलं. मैत्रीण तिकडच्या बाकावर गेली. त्या दिवशी ती रडली आणि मी तिच्यावर चिडले, की रडतेस काय, भांड ना. पण घरात भांडायला माझ्या मायसारखी माणसं पाठीशी लागतात, ते मला नंतर कळलं.

गणिताचे सर एकच होते, जाफराबादहून पहिल्या एस.टी.नं यायचे. वेळापत्रकात हायरचा तास बसत नव्हता म्हणून तो शाळा भरायच्या आधी, सकाळी व्हायचा. सकाळ म्हणजे आमच्याकडं पाणी भरायची वेळ, आणि ते काम माझं. मी मायला घाबरत घाबरत सांगितलं. ती म्हणाली, "पाणी मी भरीन. तू जाय." तीन वर्षं तिनं भरलं, वर रोज मजुरीला जायची ती वेगळी.

एस.टी.चा काही भरवसा नसायचा. म्हणून सरांनी नियम केला होता, की त्यांची वाट बघायची नाही. जो पहिला येईल त्यानं फळ्यावर प्रमेय मांडायचं. वर पक्ष, म्हणजे काय दिलंय. खाली साध्य, म्हणजे काय सिद्ध करायचंय. मग सगळ्यांनी मिळून सिद्धता करायची. शाळा गावाबाहेर, आमच्या वस्तीच्या अंगाला. त्यामुळं पहिली मीच असायची. आणि खडू कायम माझ्या हातात यायचा.

पोरं सुरुवातीला खी खी करायची. मी फळ्याकडं वळले की मागून कुणीतरी म्हणायचं, "हायरवाली आली रे, सरळ बसा!" हायरवाली हे नाव मला तिथं पडलं आणि मग गावभर झालं. विहिरीवर बाया विचारायच्या, "काय गं हायरवाली, आज उशीर?" मला आधी राग यायचा. मग एकदा दादा म्हणाले, "खोटं कुठं आहे त्यात? म्हणू दे." तेव्हापासून कुणी हाक मारली की मी ओ द्यायला लागले.

दहावीच्या पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन एस.टी. आठवडाभर बंद पडली. सर नाहीत. मी रोज जायची, मांडायची, सोडवायची. एका मुलानं बाक आपटून सुनावलं, "आता हिच्याकडून शिकायचं का आपण?" मी म्हटलं, "नको शिकू. ये इकडं, तू शिकव." खडू पुढं केला. तो उठला नाही. आठवडा संपायच्या आत तोच वही घेऊन माझ्यामागं, "ए हायरवाली, एवढा रायडर सोडवून दे ना." रायडर म्हणजे भूमितीतलं आडवळणी उदाहरण. पूर ओसरल्यावर सर आले तेव्हा मी फळ्यावर होते. खडू ठेवायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं, मागच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "चालू दे." त्या दोन शब्दांनी मी इतकी फुगले की घरी जाताना पाय जमिनीला लागत नव्हते.

पण भूमितीत असा तोरा असलेल्या मला बीजगणित मात्र छळायचं. येत नव्हतं असं नाही. माझा हट्टी स्वभाव आड यायचा. एखाद्या समीकरणाचे अवयव पडले नाहीत की मी त्याच्याशीच झोंबत बसायची. पुढची सोपी उदाहरणं तशीच राहायची आणि घंटा व्हायची. अकरावीच्या पूर्वपरीक्षेत तेच झालं. भूमितीत वर्गात पहिली, आणि बीजगणितात नापास.

हेडमास्तरांनी दादांना आणि मायला बोलावलं. मी दाराशी उभी. गणिताचे सर खिडकीपाशी. सगळ्यांना ठाऊक होतं कशासाठी बोलावलंय ते. मॅट्रिकचे अर्ज भरायचे दिवस होते आणि हेडमास्तर मला उतरवणार होते.

"मास्तर, तुम्ही तर शिकलेले आहात," हेडमास्तर दादांना म्हणाले. "पोरगी हायरमध्ये गेली तर मॅट्रिक गेली. मॅट्रिक गेली तर काय होतं पोरींचं, ते मी सांगायला नको. लोअरमध्ये फर्स्ट क्लास घेईल. सही करा."

मी दादांकडं बघितलं. मला वाटलं आता ते औरंगाबादची खिडकी सांगतील. पण दादांनी मान खाली घातली. मला तो क्षण अजून जसाच्या तसा आठवतो. दादा घाबरले होते. नापास झालेल्या आमच्याकडच्या पोरी त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन जायच्या. त्यांना ती खिडकी आठवत होती आणि हेही दिसत होतं. त्यांनी खिशातून पेन काढला.

माय कधी शाळेत गेली नव्हती. हायर-लोअर तिला काय कळणार, असं हेडमास्तरांना वाटलं असावं, कारण ते तिच्याकडं बघतही नव्हते. ती पदर सावरून म्हणाली, "सर, एक इचारू का? उतरवली तर मंग सायन्सला जाता येतं का?"

"ते... टक्के चांगले असले तर..."

"मास्तर, येतं का?" तिनं गणिताच्या सरांना विचारलं.

सर म्हणाले, "नाही येत बाई."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

"आन् न्हाई उतरवली, नापास झाली, तर पुन्हा बसता येतं का?"

"ते येतं."

"मंग काय उतरवायचं?" माय म्हणाली. "तीन वरीस मी पाणी भरून राह्यले ते काय लोअरसाठी? पडली तर पुन्हा बसंल. लगीन मी तोवर करत न्हाई तिचं, हे मी आत्ता तुमच्यासमोर बोलून राह्यले."

हेडमास्तर म्हणाले, "बाई, शाळेच्या निकालाचाही विचार करावा लागतो."

"निकाल शाळंचा हाय, पोरगी माझी हाय," माय म्हणाली, आणि दादांच्या हातातला पेन काढून तिनं त्यांच्या खिशाला लावून दिला.

मी आतापर्यंत मोठमोठ्या माणसांना मोठमोठ्या खोल्यांत बोलताना ऐकलंय. त्या ऑफिसात मजुरीच्या लुगड्यात उभी राहून माझी माय बोलली तसं मी कुणाला बोलताना ऐकलं नाही. बाहेर आल्यावर दादा तिला म्हणाले, "मी भ्यालो होतो गं." ती म्हणाली, "मालूम हाय. चला, जल्दी चला, शेळी बांधायची राह्यली."

त्यानंतर सरांनी मला हाताशी धरलं. ते म्हणाले, "तुला गणित येतं. तुला गणित सोडता येत नाही. अडलं की सोडायचं, पुढचं घ्यायचं, परत मागं यायचं." मला हे फार जड गेलं. सर मुद्दाम मध्ये एक न सुटणारं उदाहरण घालून द्यायचे आणि मी त्यावर रेंगाळले की डस्टर वाजवायचे. मी दात-ओठ खायची. पण हळूहळू सोडायला शिकले.

मॅट्रिकचं सेंटर जाफराबादला होतं. बीजगणिताच्या पेपरात तिसऱ्याच उदाहरणाला गाडी अडली. मनातल्या मनात डस्टर वाजला. सोडलं. शेवटी वेळ उरला तेव्हा परत आले आणि ते सुटलं, पहिल्या झटक्यात. मी त्या उदाहरणाकडं बघून चक्क हसले, तर पर्यवेक्षकांना वाटलं मी कॉपी करतेय.

निकाल लागला. मी पास झाले, हायरसकट, पण सेकंड क्लासात. मैत्रीण फर्स्ट क्लासात, शाळेत पहिली. हेडमास्तरांनी तिचा सत्कार ठेवला, पारापर्यंत वाजतगाजत नेली, आबांनी गावाला पेढे वाटले. मीही खाल्ला, आणि मला आनंदच झाला, कारण ती माझी होती. पण गावात मला जो भेटेल तो विचारायचा, "टक्के किती?" सांगितले की "हां, हां, बरे हायेत की" असं समजूत घातल्यासारखं म्हणायचा. त्या "बरे हायेत की"नं माझं डोकं उठायचं. माय मात्र टक्क्यांचं नावच काढायची नाही. विहिरीवर कुणी विचारलं की ती सांगायची, "पास झाली, हायरमदी," आणि घागर उचलून चालायला लागायची.

जूनमध्ये जालन्याच्या कॉलेजात पी.यु.सी.ची, म्हणजे मॅट्रिकनंतरच्या पहिल्या वर्षाची, ॲडमिशन होती. मी आणि दादा, मैत्रीण आणि आबा, एकाच एस.टी.नं गेलो. वाटेत आबा दादांना म्हणत होते, "मास्तर, तुमच्या पोरीचं काही अडलं तर सांगा. आमच्या पोरीचं एकदा झालं की मी तिथं शब्द टाकतो." मनापासून म्हणत होते.

खिडकीवर रांग. आमचा नंबर आधी आला. दादांनी मार्कमेमो पुढं केला. तीच खिडकी नव्हती, गाव वेगळं, कॉलेज वेगळं, पण दादांसाठी ती तीच होती. कारकुनानं टक्क्यांवर बोटही ठेवलं नाही. सरळ विषय वाचत खाली आला.

"हायर मॅथ्स. सायन्स ना?"

दादांच्या आधी मीच म्हटलं, "हो, सायन्स."

"त्या टेबलावर टीसी द्या. पुढचे."

एवढंच. इतक्या वर्षांचं एवढ्यात झालं. दादा बाजूला झाले, चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले, आणि मग एकदम माझ्या पाठीवर त्यांनी अशी थाप मारली की मी पुढच्या माणसावर आदळले. "झालं!" म्हणाले. "अगं झालं की!" तो माणूस रागावून मागं वळला, तर दादा त्यालाच सांगायला लागले, "हिचं हायर आहे."

मागून मैत्रिणीचा मार्कमेमो आत गेला. कारकून तसाच विषय वाचत खाली आला आणि थांबला.

"टक्के झकास आहेत. पण लोअर आहे. आर्ट्स की कॉमर्स?"

"सायन्स," आबा म्हणाले. "पहिली आलीय शाळंत. सत्कार झालाय."

"असेल हो. पण इथं पहिल्या दिवसापासून बीजगणित सुरू होतं. ती काय करेल?" कारकून उद्धट नव्हता. तिचं तोंड बघून त्यानं आपणहून सांगितलं, "ऑक्टोबरात नुसतं हायर मॅथ्स घेऊन मॅट्रिकला बसता येतं. पास झाली तर पुढच्या वर्षी आणा."

परतीच्या एस.टी.त मैत्रीण माझ्या शेजारी बसली होती, आमच्या बाकावर बसायची तशीच. मी तिचा हात धरला. मला माझा आनंद कुठं ठेवावा ते कळेना.

गावात उतरलो तर हेडमास्तर एस.टी.च्या थांब्यावरच उभे, बातमी ऐकायला. "काय, झाली ना आमच्या पहिल्या नंबरची ॲडमिशन?"

आबा खाली बघायला लागले. मैत्रीण म्हणाली, "हिची झाली सर. हिनं घेतलेलं गणित मला घेऊ दिलं असतं, तर माझीही झाली असती."

ती आयुष्यात पहिल्यांदा कुणाला उलटून बोलली होती. हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं, दादांकडं बघितलं, आणि टोपी नीट करत तसेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आमच्या घरी आले. तोपर्यंत ते आमच्या वस्तीत कधी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शेजारपाजारच्या बाया दारात येऊन उभ्या. दादांनी बाज पुढं ओढली. आबा बसले, मायनं दिलेलं पाणी प्यायले आणि दादांना नाही, मायला नाही, मला म्हणाले, "पोरी, ती घरात बसली तर पाहुणे उंबरा झिजवतील. मी थांबवतो त्यांना. तू शिकवशील का तिला? तुझ्या सरांकडं गेल्तो. ते म्हणले, शाळा सुटल्यावर थांबलो तर मला एस.टी. घावत न्हाई, हायरवालीला इचारा, ती बराबर शिकवती."

सरांनी असं म्हटलं होतं! मी मायकडं बघितलं. ती चुलीकडं तोंड करून हसत होती.

मग मी आठवडाभर जालन्याला मावशीकडं राहून कॉलेज करायची आणि शनिवारी एस.टी.नं गावी यायची. रविवारी शाळा बंद असते, पण आम्हाला फळा पाहिजे होता. किल्ली मागायला जायचा मला धीर होत नव्हता. मागायला लागलंच नाही. पहिल्याच रविवारी आम्ही गेलो तर हेडमास्तर स्वतः शाळेचं दार उघडून उभे होते. दर रविवारी ते उघडायचे आणि संपेपर्यंत बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे. एकदा आत डोकावून मला म्हणाले, "जरा मोठ्यानं शिकव. मलाही कळू दे काय भानगड आहे ती." आणि त्या साली नववीच्या वर्गात मुलींना तिकडच्या बाकांवर बसवलं गेलं नाही, हेही इथं सांगितलं पाहिजे.

मैत्रीण कशी शिकली म्हणून सांगू! मला ज्याला महिना लागला ते ती एका रविवारात गिळायची. मी तिला फक्त सोडायला शिकवलं. ती अडली की मी डस्टर वाजवायची. पावसाळ्यात एस.टी. नाल्यापाशी अडली की मी चप्पल हातात घेऊन चिखलातून चालत यायची, आणि आबा बैलगाडी घेऊन मला न्यायला यायचे. गाडीत बसवून गावातून आणायचे. लोक बघायचे, आबा बघणाऱ्याला सांगायचे, "मास्तरीण हाय आमची."

ऑक्टोबरात ती बसली आणि पास झाली. नुसती पास नाही, माझ्याहून कितीतरी जास्त मार्क घेऊन. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. उलट मीच गावभर सांगत सुटले.

पुढच्या जूनमध्ये त्याच खिडकीवर तीच रांग. या वेळी आबा आले नव्हते. त्यांनी तिला माझ्याबरोबर एकटीला पाठवलं होतं. मैत्रिणीच्या हातात दोन मार्कमेमो. कारकूनही तोच होता, पण त्याला काही आम्ही आठवत नव्हतो. त्यानं वरचा मार्कमेमो घेतला, विषय वाचत खाली आला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"लोअर आहे हे."

"खालचं बघा," मैत्रीण म्हणाली.

त्यानं खालचा बघितला. मार्क बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "अरे वा! कुठल्या क्लासला जात होतात? औरंगाबादला?"

माझी मैत्रीण, जी नववीत गुपचूप तिकडच्या बाकावर जाऊन रडली होती, ती इतक्या मोठ्यानं बोलली की सगळी रांग वळून बघायला लागली.

"कुठल्या बी न्हाई," ती म्हणाली, आणि मला दंडाला धरून खिडकीपुढं ओढलं. "हिनं शिकवलं. आमच्या गावची हायरवाली हाय ही."